तेवीस नावांच्या शाईची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जी देवी बोटास अक्षर देते आणि अक्षरास टिकाव देते, तीस दंडवत घालोन, दफ्तरच्या कोपऱ्यात बसोन बोरू झिजविणाऱ्या एका सेवकाने डोळा देखिले व कानी ऐकिले तितकेच येथे लिहिले आहे. शके सोळाशे पंचाहत्तर, श्रीमुखनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी राज्य सुखी होते, आणि सुखी राज्यावर शेजाऱ्याची दृष्ट पडते तैसी पडली, आणि शत्रूची फौज उत्तरेच्या घाटाने चालोन आली. आपली फौज हटत हटत नदीपाशी आली, तीस पार व्हावयास दोन प्रहर पाहिजे होते, आणि ते दोन प्रहर कोठून आणावे ऐसा प्रसंग पडला. तेव्हा तोफखान्याचे दारोगा सटवोजी खांबे यांनी चार तोफा घाटाच्या तोंडी लाविल्या आणि आपल्या लोकांस बोलिले, "गड्यांनो, फौज पलीकडे लागेतो येथून हलणे नाही." लोक बोलिले, "नाही हलत." मग वळीव आला आणि दारू भिजली आणि तोफा मुक्या जाहल्या, मग गोलंदाजांनी तरवारी घेतल्या, लोहाराने घण घेतला, बैल हाकणाऱ्यांनी जोखडे उचलिली, आणि दोन प्रहर घाट राखिला. फौज सुखरूप पार जाहली. तोफखान्याचे तेवीस लोक तेथे पडले. दारोग्यांच्या मांडीत भाला शिरला होता, त्यांस घोड्यावर आडवे घालोन आणिले, म्हणोन ते वाचले. परंतु वाचल्याचे सुख त्यांस वाटेना.

पुढे जखम भरत आली तेव्हा ज्येष्ठात दारोगे काठी टेकीत दफ्तरी आले. तेथे त्रिमळराव चिटणीस, मोठे नेमस्त गृहस्थ, दसऱ्याच्या दरबारी वाचावयाचा मजकूर सिद्ध करीत होते. दरसाल विजयादशमीस समरी पडल्यांची नावे हुजुरांपुढे वाचावी, मग सोने लुटावे, ऐसी त्या राज्याची चाल. दारोगे बोलिले, "घाटाचे काय लिहिले, ते वाचा." चिटणिसांनी वाचिले, "सरदार हैबतराव, जमातदार बहिरजी आणि तोफखान्याकडील वगैरे लोक कामास आले." दारोग्यांनी पुसिले, "हे वगैरे म्हणजे कोण?" चिटणीस बोलिले, "म्हणजे बाकीचे." दारोगे बोलिले, "बाकीचे नव्हेत. तेवीस आहेत आणि त्यांस नावे आहेत. मी सांगतो, तुम्ही लिहा." तेव्हा चिटणिसांनी बोरू खाली ठेविला आणि नम्रपणे बोलिले, "दारोगे, दफ्तरची चाल तुम्हांस ठाऊक नाही. पडल्यांची याद ज्याने डोळ्यांनी देखिले त्याने आपल्या हाताने लिहावी. ऐकीव नावे घेऊ लागलो तर उद्या कोणी जित्या माणसाचेही नाव घालील. सरदारांची नावे त्यांच्या पथकातील लिहित्या माणसांनी दिली. तुम्ही लिहून आणा, मी आदराने दाखल करीन." आता दारोग्यांस लिहिता येत नव्हते. कोठे कागदावर निशाणी करणे पडले तर ते कट्यारीचे चित्र काढीत, आणि ती कट्यारही मुळ्यासारखी दिसे. ते काठी टेकीत उठले.

दफ्तरच्या मागील अंगणात चिटणिसांच्या वडील भगिनी बयाबाई बसत असत. बाई बालविधवा, वय पन्नाशीचे, हात काळे आणि जीभ तिखट. साऱ्या दफ्तरची शाई त्या करीत, पोथ्या लिहीत, आणि त्यांच्या अक्षरापुढे आम्हां कारकुनांची अक्षरे म्हणजे पावसात भिजलेल्या कोंबड्या. त्यांनी खिडकीतून सारे ऐकिले होते. दारोगे अंगणातून जाऊ लागले तेव्हा त्यांनी हाक मारिली, "अहो दारोगे, दसरा चार महिने आहे. चार महिन्यांत म्हैससुद्धा वाट शिकते." दारोगे थांबले आणि बोलिले, "बाई, माझे वय अठ्ठावन्न आहे." बाई बोलिल्या, "मग घाई करा." ऐसे म्हणोन धूळपाटी पुढे सारली.

दारोगे नित्य सकाळी येऊ लागले आणि बोटाने धुळीत अक्षरे गिरवू लागले. मोडी नको, बाळबोध लिहावे, म्हणजे कोणासही वाचिता येईल, ऐसे बाईंनी ठरविले. आषाढ सरता अक्षरे ओळखीची जाहली, मग बोरू हाती आला, आणि खरी लढाई तेथे जुंपली. दारोग्यांस वाटले, शाई म्हणजे काय, काजळ आणि पाणी. त्यांनी आपल्या घरी काजळ पाण्यात कालविले आणि एक पान लिहून मोठ्या आनंदाने आणिले, आणि बाईंनी पान हाती घेऊन नुसती फुंकर घातली, तो अर्धी अक्षरे उडोन त्यांच्या लुगड्यावर बसली. बाई बोलिल्या, "काजळास कागदाशी धरून ठेवणारा कोणी नको काय? बाभळीचा डिंक घाला." दारोग्यांनी डिंक घातला, आणि शिपाईगडी, हात सैल, दोन मुठी घातला. ती शाई पाकासारखी तार सोडू लागली, बोरू कागदास चिकटू लागला, आणि श्रावणातल्या दमट हवेत रात्रीतून आठ पाने एकमेकांस ऐसी चिकटली की त्यांचा एक पुठ्ठा जाहला. बाईंनी तो पुठ्ठा पाहिला, हसू आवरेना, मग त्या बोलिल्या, "याचे जोडे होतील. आता ऐका. थोडे पाणी घाला, ढवळा, रद्दी कागदावर एक रेघ ओढा, सुकू द्या, बोटाने चोळा. बोटास काळे लागले तर डिंक कमी, रेघ चकाकली आणि चिकट लागली तर डिंक जास्त. शाईस पुसल्यावाचून शाई सांगत नाही." दारोगे बोलिले, "दारूचेही तैसेच. कोळसा, गंधक, सोरा, चिमटीने चूक जाहली की गोळा पायाशी पडतो." त्या दिवसापासून ते शाईकडे दारूच्या नजरेने पाहू लागले, आणि हाताचा सैलपणा गेला.

तरी विघ्ने सरेनात. एके दिवशी रेघा वाळूवरून ओढल्यासारख्या खरखरीत येऊ लागल्या, तेव्हा बाईंनी शाई बोटांत चोळोन पाहिली आणि बोलिल्या, "किती घोटली?" दारोगे बोलिले, "घटकाभर." बाई बोलिल्या, "आठ दिवस घोटतात." मग दारोगे खल मांडीत धरून आठ दिवस कडुनिंबाच्या दांड्याने घोटीत बसले, आणि दुखरा पाय लांब करून घोटता घोटता घाटातल्या एकेका माणसाची गोष्ट बाईंस सांगू लागले. हसन पखालजी तोफा थंड करावयाचे पाणी लोकांस पाजोन संपवी आणि शिव्या खाई. गोंदा लोहार गाणे म्हणे आणि ते कोणासही ऐकवत नसे. सिदनाक तोफेच्या तोंडास तोंड लावून तिच्याशी बोले. बाई ऐकत आणि आपले काम करीत. आम्ही कारकूनही खिडकीशी सरकोन ऐकत असू, आणि चिटणीस आम्हांस रागे भरत, आणि मग आपणही खिडकी लावून घेत नसत.

भाद्रपदात नावे लिहावयास प्रारंभ जाहला. पहिलेच नाव हसन पखालजीचे, आणि ते लिहिताच प्रत्येक अक्षरास मुळ्या फुटल्या, शाई कागदात पसरोन गेली आणि नावाच्या जागी काळा कोळी बसला. दारोग्यांनी शाई दाट केली, तरी पसरली. पातळ केली, तरी पसरली. चौथ्या पानावर बोरू भरून उचलिला तो भलामोठा थेंब टपकोन नाव सारेच बुडाले, तेव्हा दारोग्यांनी दऊत उचलोन भिंतीवर मारिली आणि बोलिले, "मेले तेही माझ्या हुकमात मेले, आणि आता त्यांची नावेही माझ्याच हाताने मरतात. हे माझे काम नव्हे." बाईंनी भिंतीवरील डाग पाहिला, मग पान उचलोन उन्हाकडे धरिले, मग जवळ येऊन हळू बोलिल्या, "दारोगे, शाई निर्दोष आहे. तुमचा हातही निर्दोष आहे. कागद ओला आहे. पावसाळ्यात कागद हवेतले पाणी पितो. तुम्ही चार दिवस शाईस शिव्या देता आणि अपराधी तिसराच." दारोग्यांनी मान खाली घातली आणि पुसिले, "आणि तो थेंब?" बाई बोलिल्या, "तो मात्र तुमचा. तोफेत दारू ठासोन भरली तर काय होते?" दारोगे बोलिले, "नळी फुटते." बाई बोलिल्या, "मग बोरूचे टोक बुडवा, बोरू बुडवू नका, आणि दउतीच्या काठास निथळवून घ्या." दारोग्यांनी कोपऱ्यातून फडके आणिले आणि आधी भिंत पुसली.

मग कागदास तांदळाची पातळ खळ लाविली, चुलीच्या उबेस सुकविला, आणि कवडीने घोटोन घोटोन ऐसा गुळगुळीत केला की माशी बसली तर घसरावी. त्यावर नावे उमटू लागली. अक्षरे थोर, थोडी वाकडी, ओळ उजवीकडे चढणीस लागलेल्या बैलांसारखी वर जाई. परंतु काळी, स्पष्ट आणि कोरडी. बावीस नावे सहा दिवसांत जाहली. तेविसाव्या ओळीस दारोगे थांबले. बाईंनी पुसिले, "काय जाहले?" दारोगे बोलिले, "याचे नाव मला ठाऊक नाही." तो गडी लढाईच्या सातच दिवस आधी बैलांबरोबर आला होता, सारे त्यास नव्या म्हणोन हाक मारीत, आणि दारोग्यांनीही तीच मारिली. बैल कोणत्या गावचे ते मात्र ठाऊक होते. बाई बोलिल्या, "मग बसलात काय?"

दुसरे दिवशी दारोगे घोड्यावर बसोन, याद घडी करोन पागोट्यात खोवोन, नदीपार सहा कोसांवरील त्या गावी गेले. वाटेत दोन घरे तोफखान्याच्या माणसांची होती, तेथे नावे वाचोन बरोबर आहेत ऐसी खातरी केली. गावाबाहेर एक म्हातारी नाचणी खुरपीत होती, नाव कोंडाई. दारोगे उतरले आणि पुसिले, "बाई, तुझा लेक तोफखान्यात बैल हाकावयास गेला होता काय?" ती बोलली, "गेला व्हता. आला न्हाई." दारोगे बोलिले, "त्याचे नाव पुसावयास आलो आहे." म्हातारीने खुरपे थांबविले आणि बोलली, "सात दिस तुमच्यापाशी व्हता, आन नाव न्हाई इचारलं?" दारोगे बोलिले, "नाही विचारले. आम्ही नव्या म्हणत होतो. माझी चूक जाहली." म्हातारीने खुरप्याची माती पुसली आणि बोलली, "भिवा. माझ्या बापाचं नाव ठिवलं व्हतं." मग पुसिले, "भ्याला व्हता का? खरं सांगा." दारोगे बोलिले, "भ्याला होता. आम्ही सारेच भ्यालो होतो. पण हातातले जोखड त्याने टाकिले नाही आणि जागा सोडिली नाही." म्हातारी बोलली, "ल्हानपनापास्नं हट्टी." आणि तिने दारोग्यांस बांधावर बसवून ताक पाजिले, आणि दसऱ्यास यावे ऐसे दारोग्यांनी तीस सांगितले.

परतताना नदीस पाणी वाढले होते, पार नेणारी डोण मध्ये येऊन कलली, आणि दारोगे घोड्यासुद्धा पाण्यात गेले. नावाड्यांनी काढिले, जीवास अपाय नाही. तीरावर येऊन दारोग्यांनी पागोट्यातील घडी उलगडिली, तो काळे पाणी ओघळोन हातावर आले आणि बावीस नावांतील एकही राहिले नाही. तैसेच ओले ते अंगणात आले आणि कागद बाईंपुढे ठेविला. बोलिले, "भिवा. तेविसावे नाव भिवा." मग बोलिले, "बाकीची गेली." दसऱ्यास बारा दिवस होते. बाईंनी पदराने कागद टिपला, पाहिला, आणि बोलिल्या, "ही कच्ची शाई. डिंकाची शाई पाण्याची मैत्रीण, बोलाविले की जाते. पाणी लागले तरी न जाणारी शाई निराळी आहे. ती लाखेची. परंतु ती नवख्याच्या हाती देत नाहीत, कारण चूक जाहली तर तीही जात नाही." दारोगे बोलिले, "द्या."

लाख आणि टाकणखार चिटणिसांच्या कुलुपात असत, ती शाई सनदा व दानपत्रे यांजकरिता राखलेली. बाई आत जाऊन बोलिल्या, "त्रिमळ, किल्ली दे." चिटणीस बोलिले, "ताई, ती शाई दानपत्रांची आहे." बाई बोलिल्या, "हो. मग या तेवीस जणांनी काय दिले, त्यास तू काय म्हणतोस?" चिटणिसांनी लेखणी कानावर ठेविली, खिडकीतून अंगणाकडे पाहिले, तेथे दारोगे ओल्या अंगरख्याने उभे होते, आणि त्यांच्या दाढीतून पाणी गळत होते. मग त्यांनी किल्ली दिली, आणि न सांगता आपल्या खणातील उत्तम घोटीव कागदाचा एक ताव काढोन तोही दिला, आणि बोलिले, "एकच आहे. जपोन." मग पिंपळावरील लाख पाण्यात उकळली, टाकणखार घातला, पाणी डाळिंबासारखे तांबडे जाहले, गाळोन घेतले, तिळाच्या तेलाचे काजळ त्यात थोडे थोडे घालोन घोटले, आणि ती शाई दउतीत ओतली तेव्हा भुंग्याच्या पाठीसारखी चमकली.

दारोग्यांनी तीन दिवस रद्दीवर हात बसविला. ही शाई बोरूवरच सुकोन दगड होई, म्हणोन दर ओळीस बोरू पुसावा लागे. तळहाताचा घाम कागदास लागोन तेथे शाई धरीत नसे, म्हणोन हाताखाली धुतलेले फडके घातले. काजळ तळी बसे, म्हणोन दर नावाआधी दऊत ढवळली. चौथे दिवशी दारोगे स्नान करोन बसले आणि उत्तम तावावर लिहू लागले, आणि आम्ही कोणी श्वासही मोठा घेईना. एकोणिसावे नाव सिदनाकाचे. ते पुरे करोन बोरू उचलिला तो बाजूस मोहरीएवढा थेंब पडला. दारोग्यांचे तोंड उतरले. बाईंनी वाकोन पाहिले आणि बोलिल्या, "अक्षरावर नाही, बाजूस आहे. असू द्या. माणसाने लिहिले, ऐसे कळेल." मग उरलेली चार लिहिली. शेवटले भिवाचे. लिहून होताच दारोग्यांनी बोरू ठेविला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, आणि तोंडावर ऐसे समाधान दिसले की जैसे दिवसभर चालोन आलेला मनुष्य ओसरीवर टेकतो.

विजयादशमीस दरबार भरला. चिटणिसांनी याद तपासोन दाखल केली आणि आपले जुने वाक्य आपल्या हाताने खोडिले, आणि हुजुरांस अर्ज केला की, "ही याद दारोग्यांनी स्वहस्ते लिहिली, ती त्यांनीच वाचावी." दारोगे उभे राहिले आणि एकेक नाव बोट लावून वाचू लागले, आणि अडखळले तेथे थांबले, आणि पुन्हा वाचिले. तेवीस जाहली. हुजुरांनी पुसिले, "नावांचा क्रम कैसा लाविला?" दारोगे बोलिले, "महाराज, जैसे घाटात उभे होते तैसा." हुजूर बोलिले, "पुन्हा वाचा. सावकाश वाचा." आणि दारोग्यांनी पुन्हा वाचिले, आणि या वेळी कोठेही अडखळले नाहीत. बयाबाई चिकाच्या पडद्यामागे बसल्या होत्या. त्या काही बोलिल्या नाहीत, ही गोष्ट त्यांजविषयी विरळा म्हणोन लिहिली.

दरबार उठला तेव्हा कोंडाई दाराशी उभी होती. दारोगे याद घेऊन तिजकडे गेले. ती बोलली, "मला वाचाया येत न्हाई. माझा कोनता, त्यो दावा." दारोग्यांनी तिचे बोट धरून शेवटल्या ओळीवर ठेविले. तिने बोट जिभेस लावून ओले केले आणि नाव चोळिले, आणि पुन्हा चोळिले, आणि बोट उलटून पाहिले. बोट स्वच्छ होते. ती बोलली, "ऱ्हातंय की." मग आपल्या हाताने याद घडी करोन दारोग्यांच्या हाती दिली आणि आपट्याचे पान त्यांच्या पागोट्यात खोविले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. याद दफ्तरी दानपत्रांच्या गठ्ठ्यात ठेविली आहे, थेंब बाजूस तैसाच आहे. चिटणिसांनी पुढील सालापासून लढाईचा मजकूर लिहावयाआधी प्रत्येक पथकाकडे नावे मागविली. बयाबाई सुखरूप आहेत. दारोगे तोफखान्यातील लोकांस सकाळी दोन घटका बाळबोध शिकवितात, आणि कोणाची शाई पसरली आणि तो रागे भरला म्हणजे आधी त्याचा कागद उन्हाकडे धरून पाहतात. लिहिणाराची चूकभूल जाणत्यांनी सुधारून घ्यावी. कच्च्या शाईने लिहिले आहे.